जुन्या सिनेमात भेटलेल्या शांताबाई



मी तुमची बचत गटाची सहयोगिनी बोलतेय. माझा आवाज ऐकला की तुम्हाला वाटतं, आता हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं. आज त्यातलं काही नाही. आज मी एका सिनेमाची आणि त्या सिनेमातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. बाईंचं नाव शांता हुबळीकर. सिनेमाचं नाव 'माणूस'. तो आला 1939 साली, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींचा जन्म व्हायच्या आधी.

हा सिनेमा आम्ही पाहिला तो कागल तालुक्यातल्या एका गटात. मासिक बैठक आटोपली, वसुली झाली, सह्या झाल्या. पावसानं झड लावली होती, घरी जायला कुणी उठेना. एका ताईंच्या मुलीनं मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, जुना सिनेमा लावू का, कोल्हापूरच्या माणसानं काढलेला आहे. तासभर बघू म्हणून बसलेल्या बायका शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मधे एक गाणं सुरू झालं, तशी गटातली सगळ्यात वयस्कर आजी मान हलवून गुणगुणायला लागली. आम्ही विचारलं, "आजी, ही नटी कोण?" आजी म्हणाली, "गाणं म्हाईत हाय, बाई म्हाईत न्हाई."

त्या एका वाक्यामुळं आजचं हे भाषण आहे. गाणं ठाऊक आणि बाई ठाऊक नाही, असं का होतं? मी घरी जाऊन शोधलं, वाचलं, आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतेय.

आधी थोडं आपल्या कोल्हापूरबद्दल. आपल्याकडं सिनेमा सुरू झाला तेव्हा बाईनं पडद्यावर येणं म्हणजे अब्रू घालवणं समजलं जाई. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्यात राणी तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं. ते आधी एका खाणावळीत कामाला होते. त्याच वर्षीच्या पुढच्या सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. मग कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 साली 'सैरंध्री' काढला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी कामं केली. पडद्यावर मात्र त्यांना नावं दुसरी दिली, कमलादेवी आणि सुशीलादेवी. 'सैरंध्री' आज उरलेला नाही. त्यामुळं गुलाबबाई कशा दिसायच्या, कशा चालायच्या, हे तुम्हीआम्ही कधी बघू शकणार नाही.

पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी 1929 साली कोल्हापुरातच 'प्रभात' कंपनी काढली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि त्यांच्याबरोबर कुलकर्णी. 1933 साली ही कंपनी पुण्याला गेली. 'माणूस' तिथंच तयार झाला. पण काढणारे शांतारामबापू आपल्या कोल्हापूरचे.

आता शांताबाई. त्यांचा जन्म 1914 साली हुबळीजवळच्या अदरगुंची गावात झाला. म्हणजे आपल्यापासून लांब नाही. कागल, निपाणी, बेळगाव, धारवाड, की आली हुबळी. त्यांचं पहिलं नाव राजम्मा. आईबाप लहानपणीच गेले. घरची भाषा कानडी. गळा चांगला होता, गाणं शिकली, नाटक कंपनीत गेली. तिथून मराठी सिनेमात आली. बोलपटाचा जमाना नुकता सुरू झाला होता. ज्याला बोलता येतं आणि गाता येतं, त्यालाच काम. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, की तोंड एकीनं हलवायचं आणि गायचं दुसरीनं. शांताबाई स्वतः गायच्या. भालजी पेंढारकरांच्या 'कान्होपात्रा'त त्यांनी काम केलं, मग प्रभातमध्ये आल्या, 'माझा मुलगा' केला आणि पुढच्याच वर्षी 'माणूस'.

विचार करा. आईबाप नसलेली एक कानडी पोर. मराठी तिची नव्हे. ती मराठी इतकी पचवते की सारा महाराष्ट्र तिचं मराठी गाणं गातो. सून होऊन परक्या गावात आलेल्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, नवी बोली तोंडात बसवायला किती दिवस लागतात ते. आणि नाव बघा. राजम्मा गेलं, शांता आलं. पण मागं 'हुबळीकर' लावलं. माहेरचा मुलूख त्यांनी नावात बांधून आणला.

आता सिनेमाची गोष्ट सांगते. गणपत नावाचा एक साधा पोलीस. हे काम शाहू मोडकांनी केलंय, जे पुढं कृष्णाच्या कामांसाठी घरोघरी ओळखले गेले. एका रात्री वेश्यावस्तीवर धाड पडते. तिथं मैना नावाची बाई गणपतच्या समोर येते, आणि तो तिला पकडण्याऐवजी वाचवतो. ही मैना म्हणजे शांताबाई. मग तो तिच्याकडं जायला लागतो, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे. त्याला तिला तिथून बाहेर काढायचं असतं.

मैना पडद्यावर येते तेव्हा तुम्हाला वाटेल, ही रडकी दुःखी बाई असणार. तशी ती अजिबात नाही. ती हसते, चेष्टा करते, गणपतला खेळवते. पण हसता हसता डोळे एकदम थंड होतात. ज्या बाईनं सगळं बघून झालंय, तिचे ते डोळे. तिचं जे गाणं गाजलं ते अनंत काणेकरांनी लिहिलेलं आणि मास्टर कृष्णरावांनी चाल दिलेली. उद्याचं काय घेऊन बसलात, आजचं बघा, असं ती समोर बसलेल्यांना सांगते. गिऱ्हाइकं वेगवेगळ्या मुलखांतली, म्हणून एकाच गाण्यात ती वेगवेगळ्या भाषांत गाते. ज्याला जी भाषा कळते, त्यात. बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्या बायका नाही का, कर्नाटकातलं गिऱ्हाईक आलं की कानडीत भाव सांगतात? तसं. पोटासाठी माणूस सगळ्या भाषा शिकतो.

गणपत मैनेला आपल्या आईकडं घेऊन जातो. आई भाबडी, देवभक्त. ती मैनेला सून म्हणून मायेनं जवळ करते. आणि इथंच मैना मोडते. शिव्या तिनं पचवल्या असत्या, माया तिला सोसत नाही. ती निघून जाते. पुढं तिच्या हातून एक खून होतो. तिला पैशासाठी छळणारा, तिचा मामाच. गणपत तिला सोडवून पळवून न्यायला तयार होतो, पण ती नाही म्हणते. त्यानं आपली नोकरी आणि इमान तिच्यापायी घालवू नये, एवढंच तिला हवं असतं. ती शिक्षा पत्करते. गणपत दारूत बुडून मरत नाही, कामावर परत जातो. त्या काळी 'देवदास' गाजला होता, प्रेमात हरला की दारू पिऊन मरायचं. शांतारामबापूंनी त्याला हे उत्तर दिलं, असं म्हणतात. जगणं कुणा एकापाशी थांबत नाही, असं हा सिनेमा सांगतो.

सिनेमा संपला तेव्हा आमच्या गटात वाद सुरू झाला. एक ताई म्हणाली, "सासूनं पदरात घेतली हुती की, मग कशाला गेली ही?" दुसरी म्हणाली, "सासूला सगळं ठाव नव्हतं बाई. उद्या कळलं तर काय, ह्या भ्यानं गेली." मग गटातली एक बाई बोलली, जी नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी येऊन राहिली आहे. एरवी ती बैठकीत हप्ता भरण्यापुरतं तोंड उघडते. ती म्हणाली, "मी माघारी आले तवा दोन वर्सं नळावर समद्यांच्या मागनं जायची. मला कुणी काय म्हणलं नव्हतं. मीच मला म्हणत हुते."

कुणी काही बोललं नाही. बाहेर पाऊस चालूच होता. ऐंशीच्या वर वर्षं झाली त्या सिनेमाला, आणि त्यातल्या मैनेनं आमच्या गटातल्या एका बाईच्या तोंडून दोन वाक्यं बाहेर काढली. चौदा बैठकांत मला ते जमलं नव्हतं. चांगल्या नटीचं काम ते हेच.

आता पडद्याबाहेर काय झालं ते ऐका. 'माणूस' मराठीत चालला, त्याचीच हिंदी आवृत्ती 'आदमी' देशभर चालली. शांताबाईंचं नाव घरोघरी गेलं. त्यांनी लग्न केलं, त्यांना मुलगा झाला. पुढं मोजकेच सिनेमे मिळाले, मैनेसारखं काम पुन्हा मिळालं नाही. नवे चेहरे आले. गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी, अशी पद्धत पडली. हळूहळू शांताबाई दिसेनाशा झाल्या. गाणं मात्र रेडिओवर लागत राहिलं, लोक ऐकत राहिले. गाणारी बाई जिवंत आहे की नाही, हेही कुणी विचारीना. उतारवयात त्या एका महिलाश्रमात राहिल्या. तिथं त्यांची पुन्हा ओळख पटली, लोक भेटायला यायला लागले. मग त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याला नाव दिलं, 'कशाला उद्याची बात'. तेच गाजलेलं गाणं. 1992 साली त्या गेल्या.

मला त्या पुस्तकाच्या नावाशी थांबावंसं वाटतं. पंचविशीत ज्या बाईनं पडद्यावर 'उद्याचं कशाला' असं हसत हसत गायलं, तिचा उद्या शेवटी आलाच. तो सगळ्यांचाच येतो. गाण्यातल्या मैनेकडं उद्यासाठी काही साठवायची सोयच नव्हती, म्हणून ती तसं गायची. तिचे पैसे मामा घेऊन जायचा. आपल्या आज्या-पणज्यांचं वेगळं काय होतं? राबल्या त्या, हिशेब दुसऱ्याच्या हातात.

आता तुम्ही विचाराल, मग ही बाई आपल्याला इतक्या वर्षांनी भेटली कशी? भेटली, कारण कुणीतरी सिनेमा जपून ठेवला. जुन्या काळच्या फिल्मला लवकर आग लागायची, दमट हवेत ती चिकट होऊन नासायची. काही फिल्मा तर त्यांच्यातल्या चांदीसाठी भंगारात गेल्या. आपण जुनी जर वितळवून चांदी काढतो तसंच. असे कितीतरी सिनेमे कायमचे गेले. प्रभातचे बोलपट दामल्यांच्या घराण्यानं जपले, आणि 1964 साली पुण्यात सरकारनं सिनेमांचं संग्रहालय काढलं. म्हणून शांताबाई 1939 मध्ये जशा हसल्या, तशाच आमच्या गटातल्या भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवर हसल्या. गुलाबबाईंच्या वाट्याला ते आलं नाही. दोघीही कलावंत. एकीची नोंद राहिली, एकीची नाही, एवढाच फरक.

मैत्रिणींनो, नोंद ही आपली रोजची गोष्ट आहे. गटात आपण दहा सूत्रं पाळतो, त्यात नियमित लेखे ठेवणं हे एक आहे. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, लिहिलेलं असलं की भांडण होत नाही. तसंच माणसांचंही आहे. म्हणून मी तुम्हाला तीन कामं सांगणार आहे. पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

पहिलं काम. आपापल्या गावात बघा, कलावंत बाई कोण आहे. तमाशात नाचलेली, नाटकात काम केलेली, जात्यावरच्या ओव्या शेकड्यानं पाठ असलेली, भजनात पेटी धरणारी, गोंधळाला उभी राहणारी. प्रत्येक गावात एखादी असतेच, आणि बहुतेक वेळा ती गावाच्या कडेला राहते. तिच्याकडं जा. आधी विचारा, "मावशी, तुमचं गाणं भरून घेतलं तर चालंल का?" ती नको म्हणाली तर नको. काहींनी ते आयुष्य मागं टाकलेलं असतं, ते उकरायचा आपल्याला हक्क नाही. हो म्हणाली तर मोबाइलवर भरून घ्या. सुरुवातीला तिला तिचं पूर्ण नाव, माहेर, आणि हे गाणं कुणाकडून शिकली ते सांगू द्या. नुसतं गाणं घेऊ नका. नाहीतर आपल्या नातवंडांनाही म्हणावं लागेल, गाणं माहीत आहे, बाई माहीत नाही.

आणि तिला हेही सांगा, की महाराष्ट्र सरकारची वयोवृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आहे. 50 वर्षांपुढच्या कलावंताला त्यात अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट आहे आणि कला केल्याचे पुरावे लागतात. जुना फोटो, जत्रेचं छापील पत्रक, कंपनीचं पत्र, जे असेल ते ट्रंकेतून काढा. बाकीच्या अटी पंचायत समितीत विचारा. अर्ज लिहायला गटातली शिकलेली मुलगी द्या. शंभरदा चकरा मारायला म्हाताऱ्या बाईला एकटं पाठवू नका, दोघीजणी बरोबर जा.

दुसरं काम स्वतःचं. ग्रामपंचायतीत जाऊन घराचा आठ नंबरचा उतारा काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का बघा. घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावायचा निर्णय सरकारनं 2003 सालीच घेतलाय. तरी कितीतरी बायकांनी तो उतारा आजवर हातात धरलेला नाही. शेण सारवलं आपण, विटा डोक्यावरून वाहिल्या आपण, आणि कागदावर नाव नाही. सिनेमात काम करणाऱ्या बाईची निदान पाटीवर नाव लागायची पद्धत होती. आपलं घराच्या पाटीवर नको, पण उताऱ्यावर तरी असू दे. आणि बँकेचं पासबुक तुमचं असेल तर ते तुमच्या पेटीत असू दे. मोबाइलचा नंबरही तुमचाच लावा, म्हणजे पैसे आले की निरोप तुम्हाला येईल, दुसऱ्या कुणाला नाही.

तिसरं काम गटाचं. वर्षातून एक बैठक अशी घ्या, की हप्ते झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक जुना मराठी सिनेमा बघायचा. 'माणूस' बघा. प्रभातचाच 'कुंकू' आहे, 1937 सालचा. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली पोर त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांचं काम आहे. बघून झाल्यावर लगेच उठू नका, बोला. जी बाई स्वतःचं कधी सांगत नाही, ती मैनेचं सांगता सांगता स्वतःचं सांगून जाते. मात्र त्या खोलीतलं बोलणं त्या खोलीतच राहिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते नळावर गेलं, तर ती बाई पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. आज मी नळाची जी गोष्ट सांगितली ती त्या ताईंना विचारून सांगितली, आणि गावाचं नाव घेतलेलं नाही.

काही बायका मला विचारतात, ताई, सिनेमा बघून गटाचा काय फायदा? कर्ज फिटतं का? नाही, कर्ज फिटत नाही. पण त्या पावसातल्या बैठकीनंतर जे झालं ते सांगते. ती नळावर मागं उभी राहणारी बाई पुढच्या महिन्यात गटात पहिल्यांदा कर्जाची मागणी घेऊन उभी राहिली. शिलाई मशीनसाठी. तिनं स्वतः अर्ज लिहिला, स्वतः वाचून दाखवला. मैनेला ज्या दारातून परत जावं लागलं, त्या दाराच्या आत बसायला तिला आम्ही जागा करून दिली, असं मला वाटलं. मशीन आलंय. ब्लाउज ती बरे शिवते, बाह्यांत अजून थोडी गडबड आहे.

आणि त्या आजी. त्यांना मी शांता हुबळीकर हे नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो कागद नातीकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "हुबळीची व्हय? मग आमच्या मामाच्या गावाकडलीच की." बघा, लगेच नातं लागलं.

तर या आठवड्यात एक करा. तुमच्या गावातल्या एका तरी म्हाताऱ्या कलावंत बाईचं पूर्ण नाव मला कळवा. गटाच्या बैठकीत सांगा, मी लिहून घेईन. पुढच्या भाषणात, त्यांची परवानगी असेल तर, ती नावं इथूनच वाचून दाखवू.

बरं, दिवेलागण झाली असेल, जनावरांच्या धारा राहिल्या असतील. येते. नमस्कार.